जैनीचे नारिंगी तळहात

आमच्या दवाखान्याची औषधाची खिडकी ज्या गवंड्याने बांधली तो बुटका असावा. खिडकी इतकी खाली होती की खुर्चीवर बसलं की मला माणसांचे चेहरे दिसायचेच नाहीत, नुसते हात दिसायचे. चेहरा पाहायचा तर मान वाकडी करून खाली झुकावं लागे. पावसाळ्यात तापाची साथ असली की चिठ्ठ्यांचा ढीग पडायचा, तेव्हा कोण कशाला झुकतंय! त्यामुळे नोकरीची बरीच वर्षं मी माणसं हातांवरून ओळखली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची काळपट चिकट बोटं, मोहफुलं वेचणाऱ्यांच्या हातांचा गोड आंबूस वास, धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाण्याने पांढरी पडलेली सुरकुतलेली बोटं. हात पुढे आला की महिना कोणता ते मी कॅलेंडर न पाहता सांगू शकले असते.

माझं पद कागदावर भारी होतं, औषधनिर्माण अधिकारी. प्रत्यक्षात मी एकही औषध निर्माण केलं नाही. लोक मला 'गोळीवाली बाई' म्हणत आणि तेच खरं होतं. माहेर चंद्रपूरचं, परकोटाच्या आतलं. नोकरी मात्र बहुतेक अहेरीच्या बाजूला, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात झाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, दवाखान्याची नाही.

लोकांना वाटतं, या कामात काय आहे, चिठ्ठी वाचायची आणि गोळ्या मोजून द्यायच्या. तसं असतं तर मीही सुखाने बसले असते. खरं काम असतं ते दोन औषधं पोटात गेल्यावर एकमेकांशी भांडणार तर नाहीत, हे पाहण्याचं. डॉक्टर रोग्याला पाहतात, आम्ही रोग्याच्या पिशवीकडे पाहतो. त्या पिशवीत आमची औषधं असतात, शेजारणीने दिलेल्या गोळ्या असतात, बाजारातून आणलेला चूर्णाचा डबा असतो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक भर पडली. लाल चकचकीत गोळ्यांच्या बाटल्या, वर रसरशीत टमाटरचं चित्र.

या गोळ्या म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. टमाटरला जो लाल रंग असतो त्याचं नाव लायकोपीन. तोच रंग टरबुजात असतो, पपईत असतो, आतून लाल असणाऱ्या पेरूत असतो. शरीराची झीज रोखायला तो मदत करतो असं म्हणतात. म्हणून टमाटरमधून तो काढतात, आटवतात आणि गोळीत भरतात. विकायला येणारी माणसं त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात, आणि हा शब्द असा म्हणतात की ऐकणाऱ्याला आपण आजवर जगलो कसे याचंच नवल वाटावं. या गोळीला परवाना असतो खाद्यपदार्थाचा, औषधाचा नव्हे. बाटलीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, तसं लिहिलेलंही असतं.

माझ्या खिडकीवर एक निवृत्त गुरुजी यायचे. वर्गात असल्यासारखी शिस्त त्यांना खिडकीपाशीही लागे. एकदा ते छातीतल्या जळजळीची गोळी मागू लागले, पोटही बिघडलेलं होतं.

"गुरुजी, अजून काय खाता?" मी विचारलं.

"काहीच नाही. सात्त्विक आहार."

"आणि गोळ्या?"

"त्या नैसर्गिक आहेत. त्या गोळ्यांत धरायच्या नाहीत."

गुरुजी रोज उठून उपाशीपोटी टमाटरच्या तीन गोळ्या घेत होते आणि वरून टमाटरचा रस पीत होते. कोणाला या गोळ्यांनी मळमळतं, कोणाला पोट फुगतं, कोणाला जुलाब होतात. आंबट आधीच सोसत नसलेल्या माणसाने हे केलं तर जळजळ व्हायचीच. मी गोळ्या बंद करायला लावल्या. आठवड्यात गुरुजी ठणठणीत झाले आणि तेव्हापासून 'बाईने माझं आयुष्य कमी केलं' अशी तक्रार गावभर करत फिरले. अजूनही जिवंत आहेत, मागच्या महिन्यात भेटले होते.

आणखी एक सासूबाई आठवतात. गरोदर सुनेला रोज दोन गोळ्या चारायच्या, का तर बाळ लालबुंद गुटगुटीत होईल. त्यांना म्हटलं, टमाटरची भाजी हवी तेवढी घाला तिला, पण हा आटवलेला अर्क पोटुशा बाईने घ्यावा की नाही याची पुरती माहिती कोणालाच नाही. ज्याची माहिती नाही ते पोटातल्या जिवावर कशाला करून पाहायचं? बाई शहाण्या होत्या. बाटली स्वतःच्या कमरेला खोचून गेल्या आणि मला वाटतं, स्वतःच संपवली.

"अजून काय खाता?" हा माझा प्रश्न पुढे इतका प्रसिद्ध झाला की लोक खिडकीपाशी येतानाच पिशवी उलटी करून दाखवायचे. पण हा प्रश्न माझ्यापाशी पहिल्यापासून नव्हता. तो मला शिकवला जैनी नावाच्या पोरीच्या तळहातांनी आणि दसरू पुजाऱ्याने.

जैनीचं गाव आलापल्लीच्या पुढे, आत जंगलात. माडिया गोंडांची वीसेक घरं. तिला लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला आणि त्या तापाने काळजाची एक झडप खाल्ली. नागपूरला मोठं ऑपरेशन होऊन तिथे बनावट झडप बसली. अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची मागे लागते. गोळी चुकली तर झडपेवर रक्ताची गुठळी होऊन माणूस जातो. गोळीचा जोर जास्त झाला तर कुठेही रक्त वाहू लागतं आणि थांबत नाही. तारेवरून चालायचं काम, तेही रोज. जैनी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, ती हे काम नेमाने करायची. दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची. तिचा हात मला पाठ होता, मनगटावर गोंदण आणि करंगळी जरा वाकडी.

दसरू हा त्याच गावचा. देवाचंही बघायचा आणि झाडपाल्याचं औषधही द्यायचा. आमचं जमायचं नाही. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी त्या गावात आरोग्य शिबिर होतं. तिथे कोणीतरी मला सांगितलं की दसरू कावीळ झालेल्यांची सगळी बाहेरची औषधं बंद करतो आणि मग मुळी देतो. माझं डोकं फिरलं. भर शिबिरात मी त्याच्या अंगावर ओरडले. "बाकीच्यांचं काय करायचं ते कर, पण या पोरीची काळजाची गोळी एक दिवस जरी बंद केलीस तर ती मरेल, आणि ते पाप तुझ्या डोक्यावर बसेल!" तो पानाची विडी ओढत बसून राहिला. मला वाटलं, भिंतीशी बोलले.

आता माझी चूक. जैनीचा मोठा भाऊ महेश चंद्रपूरला वीजकेंद्रात कंत्राटदाराकडे कामाला. तिथे त्याला कोणीतरी त्या लाल गोळ्यांच्या साखळीत ओढलं. आधी खोकंभर बाटल्या घ्या, मग खपवा, असा तो प्रकार. त्याच्याने एकही खपली नाही. नव्या धानाच्या सणाला गावी निघाला तेव्हा ते खोकं सोबत घेतलं आणि वाटेत माझ्या खिडकीवर थांबला. मागे ही रांग. त्याचा हात आत आला, हातात बाटली.

"बाई, हे गोळ्या चालते नं? टमाटरचंच हाय."

मी बाटली फिरवून पाहिली. लायकोपीन, सोबत जीवनसत्त्व ई. त्यात विष नव्हतं, भेसळही दिसत नव्हती.

"चालते," मी म्हटलं. "टमाटरने काय होणार आहे?"

बस, एवढंच. कोण खाणार, हे विचारलं नाही. किती खाणार, हेही नाही. मान वाकडी करून त्याचा चेहरा पाहिला असता तर जैनीचा भाऊ म्हणून ओळखलं तरी असतं. पण रांग मोठी होती आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. मी पुढची चिठ्ठी ओढली.

दोन महिने गेले. धान कापणी सुरू झाली. एका सकाळी खिडकीत एक म्हातारा हात आला, कपड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. त्याच्या शेजारी आणखी एक हात, वाकडी करंगळी, मनगटावर गोंदण. तळहात नारिंगी. हळद लावल्यावर असतो तसा पिवळा नव्हे, पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग. आणि बोटाला गुंडाळलेली चिंधी रक्ताने ओली.

मी झुकून पाहिलं. दसरू रांगेत उभा होता. हातात केसपेपर, सगळ्यांसारखा नंबर लावून आलेला. त्या माणसाला मी आयुष्यात प्रथमच दवाखान्याच्या आवारात पाहत होते. आणि मी काय केलं? मागचा राग तसाच ठेवणीत होता, तो बाहेर आला.

"काय पाजलंस हिला?" मी ओरडले.

 दसरू शांतपणे म्हणाला, "मी काई नाई पाजलं. गाव म्हंते, तुलेच इचारून आणलं."

त्याने गाठोडं सोडून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. आत रिकाम्या बाटल्या होत्या, टमाटरच्या चित्राच्या. एक नव्हे, दोन नव्हे, गाठोडंभर.

"बाई, मी पानं वळखतो, मुळी वळखतो," दसरू म्हणाला. "हे मले नाई वळखू येत. तुले येते. सांग."

दसरू मराठी बोलायचा तेव्हा सगळ्यांना तूच म्हणायचा. त्या दिवशी ते तू मला कानफटात बसल्यासारखं लागलं.

डॉक्टरांना बोलावलं. जैनीला बाकावर बसवलं. तिच्या दंडावर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग उमटले होते. दातवण करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. काल धान कापताना विळा लागला तेव्हापासून बोटाचं रक्त थांबतच नव्हतं. डॉक्टर तिचे डोळे पाहत होते, मी समोर स्टुलावर बसून विचारत होते.

"इतक्या गोळ्या एकटीने खाल्ल्यास? काऊन?"

जैनीने जे सांगितलं ते मी आजही लोकांना सांगते तेव्हा अडखळते. महेशने खोकं गावात उघडलं आणि घरागणिक एक बाटली दिली. त्या गावात तसंच चालतं. तळ्यातले मासे धरले तरी घराघराचा वाटा पडतो, कोणाच्या घरचं माणूस आलं असो वा नसो. बाटल्या घरोघर गेल्या. आणि मग प्रत्येक घराने एकच विचार केला. गोळी लाल आहे म्हणजे रक्ताची आहे. आपलं अंग तर धड आहे. रक्ताची गरज कोणाला? जिची छाती फाडली तिला. कोणी बाटलीच आणून दिली, कोणी येता-जाता दोन गोळ्या हातावर ठेवल्या. म्हाताऱ्या बाया तर समोर बसून खायला लावायच्या.

"रोज किती व्हायच्या?"

"आठ. कधी दहा. जेवल्यावर खात होते, बाई, उपाशी नाई खाल्ले."

"एकालाही नको म्हणता आलं नाही तुला?"

 "आणलेलं परत कसं करते कोणी?" तिने विचारलं. "अन् तुमी हो म्हटलं म्हून सांगतलं भावानं."

डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

नारिंगी रंगाची गोष्ट साधी आहे. हा लाल रंग तेलातुपात विरघळतो, म्हणून जेवणाबरोबर तो अंगात जास्त मुरतो. रोज खूप गेला की शरीराला तो पटकन बाहेर टाकता येत नाही, मग तो कातडीत साठतो. तळहात, तळपाय आधी रंगतात. दिसायला भयंकर, पण त्या रंगाने जिवाला काही होत नाही, गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत उतरतो. जैनीच्या जिवावर बेतलं होतं ते रक्त. टमाटरचा आटवलेला अर्क आणि जीवनसत्त्व ई, दोन्हींनी रक्त गोठणं थोडं मंदावू शकतं. धडधाकट माणसाला ते कळणारही नाही. जैनीचं रक्त आधीच औषधाने पातळ ठेवलेलं. नेमकं कशाने किती झालं हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण ज्या माणसाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्याने असलं काही डॉक्टरला न विचारता घ्यायचं नसतं, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. मी ते खिडकीवर विसरले होते.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळी चालू ठेवावी तर रक्त वाहतंय. मनाने बंद करावी तर झडप जाईल. रक्ताची तपासणी करून ठरवायला हवं, चंद्रपूरला पाठवू." मग म्हणाले, "गावात कावीळ समजून हिची गोळी आठवडाभर बंद केली असती ना, तर ही इथवर जिवंत आलीच नसती."

मी दसरूकडे गेले. तो व्हरांड्यात खांबाला टेकून बसला होता. विचारलं, हात असे रंगलेले, तरी कावीळ नाही हे तुला कसं कळलं?

"सगळे म्हणत होते पिलिया झाला. मुळी दे, खाणं बंद कर, दवाखान्याच्या गोळ्या बंद कर. इची मायबी म्हणे." तो सावकाश सांगू लागला. "मी इले उन्हात आणलो. डोळे पाह्यलो. पिलिया आधी डोळ्यात उतरते. इचे डोळे पांढरे. जिभेखाली पाह्यलो, साफ. लघवीचं इचारलो, साफ. मंग हातात कुठून आला? म्हटलं, जे तोंडातून गेलं तेच हातात आलं. घरातल्या बाटल्या गोळा करायले लावलो."

हा फरक ओळखताना मोठे मोठे लोक चुकतात. कावीळ असली की डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं, गोळ्यांच्या रंगात डोळे स्वच्छ राहतात. पुस्तकात हे एका ओळीत असतं. दसरूला ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती.

"आणि काळजाची गोळी? ती तू बंद नाही केलीस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बोंबलली होती नं त्या दिवशी. एक दिवस बंद केली तर मरते म्हणे. गावानं आठ दिस मले घेरलं, मुळी दे म्हून. मी नाई दिलो. गोळी रोज माह्यासमोर खायले लावलो."

ज्या माणसाला मी भिंत समजले होते त्याने माझा शब्द दोन वर्षं जपून ठेवला होता. आणि माझाच दुसरा शब्द, खिडकीतून निष्काळजीपणे फेकलेला, त्या पोरीच्या जिवावर उठला होता. मला रडू आलं. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. मी त्याला सांगितलं, महेशला हो म्हणणारी मीच, विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

दसरूने मला गप्प केलं नाही की समजूतही काढली नाही. म्हणाला, "माह्या हातून चुकलं, तर मी त्या घरी जातो. सांगतो, चुकलं. त्याईच्या हातचं पाणी पितो. तवरी दुसऱ्याले औषध नाई देत." आणि उठून, सोबत आलेल्या जैनीच्या आईजवळ जाऊन बसला.

मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि जैनीबरोबर रुग्णवाहिकेत चढले. आष्टीचा पूल ओलांडला. बोटावर मी दाब धरून बसले होते. मग तिने विचारलं, "हात असाच राहीन का?"

"नाही. दोन महिन्यांत जाईल."

"बेस झालं. बहिणीचं लगन हाय." जरा वेळाने म्हणाली, "बाई, एक गोठ आयकसान?"

"सांग ना."

"गावाले नका सांगू, त्याईनं दिलेल्या गोळ्यानं असं झालं. आजी रोज एक आणून द्यायची, गुडघे धरून यायची. तिले कळलं तर जेवणार नाई. अन् पुढं कोणी कोणाले काई देणार नाई."

बोटातून रक्त वाहत होतं, झडपेचं काय होईल ठाऊक नव्हतं, आणि या पोरीला काळजी कसली, तर गावाने देणं थांबवू नये याची! मी तिला शब्द दिला. पण मनात म्हटलं, न सांगून कसं चालेल? उद्या दुसरं कोणी दुसऱ्या बाटल्या आणेल.

चंद्रपूरला तपासणी झाली. रक्त फारच पातळ झालेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं, स्वतःच्या नजरेखाली गोळी थांबवली, रोज रक्त तपासलं आणि वेळ पाहून कमी मात्रेत पुन्हा चालू केली. मी माहेरी राहून रोज डबा घेऊन जात होते. चौथ्या दिवशी तिच्या बोटावरची चिंधी कोरडी निघाली. मी ती चिंधी उलटसुलट करून पाहिली, माझा विश्वास बसेना. दहाव्या दिवशी ती आईचा हात धरून बसमध्ये चढली. झडप शाबूत होती.

मी कामावर परतले, पण खिडकीत बसवेना. गोळी हातावर ठेवली की दसरूचं बोलणं आठवायचं. एरवी मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. तरी पौषात एका रविवारी दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या भाऊंना घेऊन त्या गावी गेलेच.

नमस्काराचे जोहार झाले. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, पुढे सगळे जमले. दसरू बाजूला विडी ओढत होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, गोळी वाईट नव्हती, तुमची माया तर मुळीच वाईट नव्हती. चूक माझी. मला महेशने विचारलं, मी घाईत हो म्हटलं. कोण खाणार, हे मी विचारायला हवं होतं. मासा वाटून खा, धान वाटून खा, टमाटर वाटून खा. पण बाटलीतलं, पाकिटातलं जे असेल ते ज्याच्या नावाचं त्यानेच खायचं. आणि ज्याला रोजची गोळी चालू आहे त्याने दुसरं काहीही घेण्याआधी मला दाखवायचं. मी झुकून पाहीन, हा माझा शब्द. दसरू माडियात सांगत गेला. त्याने काय काय सांगितलं मला कळलं नाही, माझ्याहून थोडक्यात सांगितलं एवढं कळलं. जैनीची आजी मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मी जैनीकडे पाहिलं, तीही आजीकडेच पाहत होती.

मग जैनीने तांब्या आणला. तांब्या धरलेला तिचा तळहात मी पालथा-सुलटा करून पाहिला. साधा, कामाचा, सावळा हात. मी पाणी प्यायले.

जेवायला बसवलं. पळसाच्या पत्रावळीवर भात आणि निखाऱ्यावर भाजलेले, मिरची-मीठ लावलेले टमाटर. त्यांचे टमाटर लहान, बोराएवढे, आणि आंबट असे की एक डोळा आपोआप मिटतो. परसातली झाडं अजून पुरती लागली नव्हती, सगळ्यांच्या पानावर चार-चार टमाटर आले होते. मी जेवत होते, तेवढ्यात आजी गुडघे धरत उठली. तिने आपल्या पानावरचा एक टमाटर उचलला आणि माझ्या पानावर ठेवला. काहीतरी म्हणाली.

"आजी म्हंते, बाई वाळून गेली," जैनीने सांगितलं. "आमच्या काळजीनं."

मग शेजारच्या बाईने एक ठेवला. मग जैनीच्या आईने. मग पलीकडची पोरं, पुरुष, एकेक जण उठून येत होता, आपल्या पानातला टमाटर माझ्या पानावर ठेवत होता आणि परत जाऊन उरलेल्या तिनांवर भात खात होता. शेवटी दसरू आला. त्याने आपले चारही ठेवले आणि परत जाऊन कोरडा भात खायला बसला. माझ्या पानावरचा भात दिसेनासा झाला.

मला आंबट सोसत नाही. जळजळीच्या गोळ्या मी गुरुजींना द्यायचे तशा स्वतःही खायचे. एकदा वाटलं, बास म्हणावं, थोडे परत करावे. मी मान वर केली. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं.

मी एकही टमाटर परत केला नाही.